वाचकांचे प्रश्न : आमदारकीची पन्नास वर्षं मोजायची कशी?

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे दिवंगत आमदार गणपतराव देशमुख यांचं नाव निघालं की ‘अकरा वेळा आमदार’ एवढंच सांगून बोलणं संपतं. त्या अकरा वेळांच्या आत नेमकं काय असतं, असं विचारणारी पत्रं बरीच आली. त्यातले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं या वेळी देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

गणपतराव देशमुख काही ठिकाणी ‘५५ वर्षं आमदार’, तर काही ठिकाणी ‘५० वर्षं आमदार’ असं वाचलं. खरं काय?

५५ हा आकडा बहुधा अकरा गुणिले पाच असा आलेला दिसतो. तसा गुणाकार करता येत नाही. ते निवडून आले ती वर्षं अशी : १९६२, १९६७, १९७४ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. १९७२ आणि १९९५ला ते हरले. २०१९ला उभे राहिले नाहीत.

आता या अकरा मुदती किती लांबीच्या होत्या ते पाहा. १९७४ला मिळाली ती १९७२च्या विधानसभेची उरलेली मुदत. ती विधानसभा मात्र पाच वर्षांत संपली नाही. आणीबाणीत ४२व्या घटनादुरुस्तीने विधानसभांची मुदत सहा वर्षं केली होती, त्यामुळे पुढची निवडणूक थेट १९७८ साली झाली. (४४व्या दुरुस्तीने मुदत पुन्हा पाच वर्षांवर आणली.) उलट १९७८ची विधानसभा फेब्रुवारी १९८०मध्येच बरखास्त झाली, म्हणजे जेमतेम दोन वर्षं चालली. १९७८ आणि १९८० असे दोन्ही वेळा जिंकलेल्या आमदाराच्या खात्यावर दोन विजय लागतात, पण पहिल्या विजयाची वर्षं दोनच. १९९५ची विधानसभाही मुदतीआधी संपली आणि १९९९ची निवडणूक लोकसभेबरोबर झाली.

१९६२ ते २०१९ ही साडेसत्तावन्न वर्षं धरा. त्यातून १९७२ ते ७४ची सुमारे दोन आणि १९९५ ते ९९ची साडेचार वर्षं वजा करा. हाती ५१च्या आसपास राहतात. कोणत्याही जुन्या आमदाराचा हिशोब असाच करावा. वहीत चार रकाने आखायचे : सभागृह सुरू झालं कधी, संपलं कधी, सार्वत्रिक निवडणूक की पोटनिवडणूक, आणि त्या वेळचा पक्ष. ‘इतक्या वेळा’ आणि ‘इतकी वर्षं’ हे दोन आकडे कधीही एकमेकांवरून काढू नयेत.

देशातला विक्रम त्यांचाच ना?

मोजमाप काय लावता त्यावर ते ठरतं. तमिळनाडूचे एम. करुणानिधी १९५७ ते २०१६ या काळात १३ वेळा विधानसभेवर निवडून आले, पण कुळितलैपासून तिरुवारूरपर्यंत मतदारसंघ अनेकदा बदलून. केरळचे के. एम. मणी १९६५पासून २०१६पर्यंत पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा जिंकले. त्यातली १९६५ची विधानसभा मात्र एकदाही भरली नाही. शिवाय केरळ काँग्रेसच्या फाटाफुटीत त्यांनी पुढे स्वतःचा वेगळा गट उभा केला. केरळचेच ओमन चंडी १९७०पासून अखेरपर्यंत पुथुपल्लीतून १२ वेळा निवडून आले.

गणपतरावांचं वेगळेपण तीन गोष्टी एकत्र असण्यात आहे : एक मतदारसंघ, एक पक्ष आणि तो पक्षही सत्तेच्या मुख्य प्रवाहातला नव्हे. शेतकरी कामगार पक्षाचं (शेकापचं) बळ राज्यात ओसरत गेलं, तरी सांगोल्याची जागा टिकून राहिली. आमच्या मते हे ‘अकरा’ या आकड्यापेक्षा मोठं आहे.

मंत्रिपद फार थोडा काळ मिळालं. मग विरोधी बाकावर बसून एवढी वर्षं आमदार करतो तरी काय?

गणपतराव दोनदा मंत्री झाले : १९७८च्या शरद पवार यांच्या मंत्रिमंडळात आणि १९९९च्या विलासराव देशमुख यांच्या मंत्रिमंडळात. हे दोन छोटे कालखंड सोडले, तर त्यांची बहुतेक आमदारकी साध्या सदस्याची. अशा सदस्याच्या हातात जे असतं त्याला विधिमंडळाच्या भाषेत ‘संसदीय आयुधं’ म्हणतात. त्यांची ओळख थोडी सविस्तर करून घेऊ, कारण अनुभवी आमदार आणि नवखा आमदार यांच्यातला फरक इथेच दिसतो.

पहिलं आयुध तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात असा प्रश्न. त्याचा साचा ठरलेला आहे. समजा, एका तालुक्यातल्या पाझर तलावाची दुरुस्ती रखडली आहे. प्रश्न असा छापला जातो : ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) सदर पाझर तलावाच्या दुरुस्तीचा प्रस्ताव शासनाकडे प्रलंबित आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, सदर प्रस्तावास मंजुरी देण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि उत्तर पुष्कळदा असं येतं : ‘(१) हे अंशतः खरे आहे. (२) प्रस्ताव तपासणीखाली आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.’

हे छापील उत्तर म्हणजे कामाची सुरुवात. खरं काम उपप्रश्नात. नवखा सदस्य उठतो आणि विचारतो, ‘शेतकऱ्यांना न्याय मिळणार की नाही?’ मंत्री म्हणतात, ‘सरकार सकारात्मक आहे.’ विषय संपला. जाणता सदस्य छापील उत्तरातला एक शब्द धरतो. ‘अंशतः म्हणजे कोणता अंश खरा? प्रस्ताव मंत्रालयात कोणत्या तारखेला आला? आज तो कोणत्या विभागाच्या टेबलावर आहे? त्रुटी काढली असेल तर ती जिल्हा परिषदेला कोणत्या पत्राने कळवली?’ या प्रश्नांना ‘सकारात्मक’ हे उत्तर चालत नाही. तारीख सांगावी लागते, नाहीतर ‘माहिती घेऊन पटलावर ठेवू’ असं म्हणावं लागतं. दोन्हींची कार्यवृत्तात, म्हणजे सभागृहाच्या कामकाजाच्या अधिकृत वृत्तांतात, नोंद होते, आणि पुढच्या अधिवेशनात तोच सदस्य ती नोंद हातात धरून उभा राहू शकतो.

गोंधळात प्रश्नोत्तरांचा तास वाया गेला तर लेखी उत्तरं पटलावर जातात, पण उपप्रश्न गेले ते गेलेच. लोकांना वाटतं सभागृह बंद पाडलं की सरकारची अडचण होते. तारांकित प्रश्नांपुरती मंत्र्यांची त्या दिवशी सुटकाच होते.

उत्तराने समाधान झालं नाही तर अर्धा तास चर्चा मागता येते. विषय तातडीचा आणि सार्वजनिक महत्त्वाचा असेल तर लक्षवेधी सूचना. विधानसभेत ती नियम १०५ खाली येते. तिच्यावर मंत्र्यांना निवेदन करावं लागतं आणि मग त्यावर प्रश्न विचारले जातात. विषय व्यापक असेल, म्हणजे दुष्काळ, कापूसखरेदी, पीकविमा असा, तर नियम २९३ अन्वये चर्चा. तिथे बोलायला वेळ जास्त मिळतो, पण नेमकं उत्तर मिळवणं अवघड होतं. पंचवीस सदस्य बोलतात आणि मंत्री शेवटी एकत्र उत्तर देतात. त्यात एका गावाचा पाझर तलाव हरवून जातो. छोटा विषय मोठ्या आयुधात घालणं ही नव्या आमदारांची नेहमीची चूक आहे.

अर्थसंकल्पी अधिवेशनात कपात सूचना येतात. ‘मागणीतून, म्हणजे खात्याने खर्चासाठी मागितलेल्या रकमेतून, शंभर रुपये कमी करावेत’ अशा अर्थाची ती सूचना असते. शंभर रुपयांना अर्थ नसतो, त्या निमित्ताने त्या खात्यातली एक विशिष्ट तक्रार मांडता येते. ही सूचना मंजूर होणार नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं, तरी अभ्यासू सदस्य ती देतात, कारण तिच्यामुळे तक्रार खात्यापर्यंत लेखी पोचते.

शेवटी समित्या. लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम, पंचायत राज, रोजगार हमी योजना, आश्वासन समिती. इथे कॅमेरे नसतात, पक्षाचा आवाज कमी असतो आणि सचिव समोर बसून उत्तरं देतात. सभागृहात मंत्री ‘करू’ म्हणाले आणि केलं नाही, तर ते आश्वासन समितीकडे पाठपुराव्याला जातं. जुन्या आमदाराचं मोल समितीत सर्वांत जास्त असतं. ‘हेच उत्तर तुमच्या आधीच्या सचिवांनीही दिलं होतं’ असं स्मरणातून सांगणारा माणूस समोर असला की खात्याला कागद नीट तयार करून यावं लागतं.

आमच्या आमदाराने विचारलेल्या प्रश्नांची संख्या फार कमी आहे, अशी यादी फिरते आहे. ती किती विश्वासार्ह?

आकडा खरा असू शकतो, पण त्यावरून निष्कर्ष काढताना तीन गोष्टी तपासा. तो त्या काळात मंत्री होता का? मंत्री प्रश्न विचारत नाहीत, लक्षवेधीही देत नाहीत, ते उत्तरं देतात. अध्यक्षांचंही तसंच. सात-आठ वेळा निवडून आलेल्या अनेकांच्या कारकिर्दीत अशी कोरी वर्षं असतात.

दुसरं, महाराष्ट्रात एकाच तारांकित प्रश्नावर पुष्कळदा दहा-वीस सदस्यांची नावं असतात, कारण सारख्या आशयाच्या सूचना एकत्र केल्या जातात. पाचशे प्रश्नांवर नाव असणं आणि पाचशे प्रश्न विचारणं या वेगळ्या गोष्टी आहेत. उभं राहून उपप्रश्न कोणी विचारला ते कार्यवृत्तातच दिसतं.

तिसरी तपासणी सर्वांत उपयोगी, आणि ती फारसं कोणी करत नाही. एक विषय निवडा आणि त्याच सदस्याने तो किती अधिवेशनांत, कोणकोणत्या आयुधांनी आणला ते शोधा. एकदाच विचारलेले शंभर प्रश्न आणि एकच प्रश्न दहा वर्षं लावून धरणं, यांत दुसऱ्याचं वजन जास्त आहे.

सांगोल्याला टेंभूचं पाणी कोणी आणलं? प्रत्येक निवडणुकीत वेगळं नाव ऐकू येतं.

एका माणसाचं नाव सांगणं अन्यायाचं होईल, आणि ज्यांनी आयुष्यभर त्यासाठी धडपड केली त्यांनीही तसा दावा केला नसता. योजना कशी पुढे सरकली ते पाहिलं की श्रेय कुठे कुठे वाटलं जातं ते आपोआप कळतं.

टेंभू हे सातारा जिल्ह्यात कराड तालुक्यातलं गाव. तिथे कृष्णेचं पाणी अडवून ते टप्प्याटप्प्याने उचलायचं आणि सातारा, सांगली, सोलापूर या तीन जिल्ह्यांतल्या दुष्काळी तालुक्यांना द्यायचं, अशी ही उपसा सिंचन योजना. १९९०च्या दशकात आटपाडीच्या पाणी परिषदेतून १३ दुष्काळी तालुक्यांचं आंदोलन उभं राहिलं. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर अशी वेगवेगळ्या विचारांची माणसं त्यात एकत्र आली. हा झाला रस्त्यावरचा रेटा.

दुसरा रेटा कागदावरचा होता. कृष्णा पाणीतंटा लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं होतं आणि २००० सालच्या मे अखेरनंतर निवाड्याचा फेरविचार होऊ शकत होता. वाट्याचं पाणी अडवलं-वापरलं नाही तर ते हातचं जाण्याची धास्ती होती. म्हणून १९९६मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं आणि कर्जरोख्यांतून पैसा उभा करून कामं सुरू झाली. योजना एकदम अनेक हाती घेतल्या, पैसा पुरला नाही, आणि कामं रेंगाळली.

आमदाराचं काम लागतं ते नेमकं या रेंगाळण्याच्या काळात. सुधारित प्रशासकीय मान्यता, दरवर्षीच्या अर्थसंकल्पातली तरतूद, कालव्याचं भूसंपादन, वन विभागाची आणि रेल्वेची परवानगी, पंपगृहाला वीज : यातली एक कडी अडली की पाणी मागच्याच टप्प्यावर थांबतं. प्रत्येक कडीचं खातं वेगळं आणि सचिव वेगळा. कोणती कडी अडली आहे हे ज्याला ठाऊक असतं, त्याचाच प्रश्न उपयोगी पडतो.

पाणी आल्यावरही काम संपत नाही. उपसा योजनेचा जीव वीजबिलात असतो. बिल थकलं की पंप बंद. त्यावर ८१ टक्के वीजबिल शासनाने आणि १९ टक्के लाभधारकांनी भरायचं हे सूत्र पुढे आलं. तेव्हा पुढच्या वेळी ‘पाणी कोणी आणलं’ याच्या जोडीला ‘या वर्षी आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) किती दिवस चाललं आणि वीजबिलाचं काय झालं’ हेही विचारा.

विधान परिषदेचे सदस्य तर मागच्या दाराने येतात. तिथे तीस वर्षं बसून कोणी काही केलं आहे का?

केलं आहे, आणि त्याचा फायदा सगळ्या देशाला झाला आहे. वि. स. पागे १९६० ते १९७८ अशी १८ वर्षं विधान परिषदेचे सभापती होते. रोजगार हमीची कल्पना त्यांची. १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग झाला. १९७२च्या दुष्काळात योजना राज्यभर पसरली. खर्चासाठी १९७५मध्ये व्यवसाय कर लागू झाला, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या पैशातून खेड्यातल्या मजुराला काम. १९७७ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. केंद्राचा कायदा त्यानंतर २००५ साली आला. क्रम लक्षात घ्या : आधी छोटा प्रयोग, मग विस्तार, मग पैशाची सोय, आणि शेवटी कायदा. पैशाची सोय न करता कायदा आधी आणला तर तो कागदावर राहतो.

दुसरं नाव प्रा. बी. टी. देशमुख यांचं. अमरावती पदवीधर मतदारसंघातून १९८० ते २०१० अशी ३० वर्षं ते परिषदेत होते. विदर्भाचा अनुशेष, म्हणजे बाकी राज्याच्या तुलनेत मागे राहिलेला विकास, हा विषय त्यांनी आकडेवारीनिशी धरून ठेवला. अनुशेष मोजणारी १९८३ची दांडेकर समिती, विकास मंडळांची तरतूद करणारं घटनेचं कलम ३७१(२) आणि १९९४ची वैधानिक विकास मंडळं ही त्या विषयाची चौकट. भावनेच्या बळावर मांडता येणारा विषय त्यांनी हेक्टर आणि रुपये यांच्या भाषेत मांडला, म्हणून त्याला उत्तर देणं सरकारला भाग पडलं.

गावातली अडचण आमदाराने सभागृहात मांडावी असं वाटतं. निवेदन कसं द्यावं?

एका निवेदनात एकच विषय घाला. रस्ता, शाळा, पाणी, स्मशानभूमी असं सगळं एकत्र दिलं की त्यातून प्रश्न तयार होत नाही. विषय राज्य सरकारच्या अखत्यारीतला हवा. राष्ट्रीय महामार्ग किंवा रेल्वेचा असेल तर खासदाराकडे जा. न्यायालयात प्रकरण चालू असेल तर ते आधीच सांगा, कारण असा प्रश्न स्वीकारला जात नाही आणि आमदाराची संधी वाया जाते.

मजकुरात विशेषणं नकोत. ‘भ्रष्ट अधिकाऱ्यांनी’ असं लिहिलं तर तो आरोप झाला, आणि तर्क किंवा आरोप असलेला प्रश्न छाननीत गळतो. त्याऐवजी लिहा : प्रस्ताव कोणत्या कार्यालयाने, कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने पाठवला आणि त्यानंतर काय झालं. माहिती अधिकारात मिळालेलं उत्तर जोडा. ठरावाची प्रत जोडा. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन मुंबईला किंवा नागपूरला जाऊ नका. तारांकित प्रश्नांच्या सूचना बऱ्याच आधी द्याव्या लागतात. अधिवेशनाची तारीख जाहीर होताच, शक्यतो त्याच्याही आधी, निवेदन पोचलं पाहिजे.

आमदार निधीतून सभामंडप मंजूर झाला असं जाहीर झालं, दोन वर्षं झाली, काम नाही. पैसे गेले कुठे?

बहुधा कुठेच गेलेले नसतात. महाराष्ट्रात हा निधी आता वर्षाला ५ कोटी रुपये आहे, पण तो आमदाराच्या हातात येत नाही. आमदार काम सुचवतो आणि प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात. काम सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद किंवा नगरपालिका करते. आमदाराचं शिफारसपत्र म्हणजे मंजुरी नव्हे, आणि गावातला फलक मात्र बहुतेक वेळा शिफारसपत्रावरच लागतो.

काम अडतं ते साधारण इथे. जागेचा सातबारा ग्रामपंचायतीच्या किंवा शासनाच्या नावावर नसतो, देवस्थानाच्या किंवा खासगी नावावर असतो. अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता घेतलेली नसते. बांधल्यावर देखभाल कोण करणार याचं हमीपत्र नसतं. मध्येच आचारसंहिता लागते. जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कामाचं नाव आणि आमदाराच्या पत्राची तारीख देऊन विचारा : प्रशासकीय मान्यता झाली का, झाली असल्यास आदेश क्रमांक काय, आणि निधी कोणत्या यंत्रणेला वर्ग झाला?

अनेक वेळा निवडून आलेल्या आमदाराला प्रत्येक मुदतीचं वेगळं निवृत्तिवेतन मिळतं का?

महाराष्ट्रात तसं नाही. एकच निवृत्तिवेतन मिळतं, दरमहा ५०,००० रुपये, आणि पाच वर्षांवरच्या प्रत्येक वर्षाला दरमहा २,००० रुपयांची भर. ३० वर्षं सदस्य राहिलेल्याचा हिशोब ५०,००० अधिक २५ गुणिले २,०००, म्हणजे दरमहा १,००,००० रुपये.

सर्वांत जुन्या आमदारालाच हंगामी अध्यक्ष करतात का?

प्रथा तशी आहे, बंधन नाही. घटनेच्या कलम १८० खाली राज्यपाल नेमणूक करतात. २०१९ आणि २०२४ या दोन्ही वेळा कालिदास कोळंबकर यांनी नव्या सदस्यांना शपथ दिली. २०२४ला ते नवव्यांदा निवडून आले होते.

इतका जुना आमदार हरतो तेव्हा लोक कृतघ्न झाले असं म्हणायचं का?

आम्हांला तसं वाटत नाही. १९९५ला गणपतराव हरले ते अवघ्या १९२ मतांनी. समोर शहाजीबापू पाटील होते. २०१९ला गणपतराव स्वतः थांबले, नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि पुन्हा शहाजीबापूंकडूनच ७६८ मतांनी हरले. २०२४ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख शेकापकडूनच निवडून आले. म्हणजे १९९५ आणि २०१९ला तालुका दोन जवळजवळ सारख्या भागांत विभागलेला होता आणि दोन-चार गावांच्या मतांवर निकाल फिरला. अशा मतदारसंघात अकरा वेळा जिंकणं म्हणजे प्रत्येक वेळी मत नव्याने मागावं लागणं.

१९९५च्या पराभवानंतरची साडेचार वर्षं ते आमदार नव्हते, आणि १९९९ला लोकांनी त्यांना परत आणलं. कारकीर्द वाचताना ही मधली वर्षं गाळू नका. पद नसताना माणूस तालुक्यात होता की नव्हता, पाणी परिषदांना, सूतगिरणीच्या सभांना, लग्नकार्यांना दिसत होता की नव्हता, हे त्याच वर्षांत कळतं.

‘एकाच मतदारसंघातून आठ वेळा’ असं म्हणतात, पण आमचा मतदारसंघ तर नावासकट बदलला. मग एकच कसा?

बरोबर पकडलंत. २००८च्या पुनर्रचनेनंतर २००९ची निवडणूक नव्या सीमांवर झाली. काही मतदारसंघांची नावं गेली, काहींची नावं राहिली पण गावं बदलली, काहींना शेजारच्या तालुक्यातली महसूल मंडळं जोडली गेली. राष्ट्रवादीच्या जयंत पाटील यांचा वाळवा इस्लामपूर झाला, कोळंबकरांचा नायगाव वडाळा झाला. त्याआधीही जागांची संख्या बदलत आली : १९६२ला २६४, १९६७ला २७०, १९७८पासून २८८.

म्हणून २००४ आणि २००९च्या मतांची थेट तुलना करू नका. मताधिक्य अचानक वाढलं किंवा घटलं असेल तर आधी सीमा तपासा. निवडणूक आयोगाच्या पुनर्रचना आदेशात प्रत्येक मतदारसंघातल्या महसूल मंडळांची आणि नगरपालिकांची यादी आहे. त्यातून दोन्ही काळांत समान असलेली गावं निवडा आणि फक्त त्या गावांची केंद्रनिहाय मतं जोडीने मांडा. केंद्रनिहाय निकालाचा तक्ता, म्हणजे नमुना २०, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. तिथे जुन्या निवडणुकीचा नसेल तर जिल्हा निवडणूक शाखेत अर्ज करून विचारावं लागतं.